मास्तर फिरायला निघतात

४ मार्च

प्रिय काका,

तुम्हांला फोनवर काही सांगायचं तर गल्लीभर ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट गल्लीला ऐकवण्यासारखी नाही, म्हणून लिहिते आहे. शिवाय हाताने पत्र लिहिल्याने मेंदू तरतरीत राहतो, असं तुमचे बंधुराज मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून सांगत आलेत. आज त्यांच्याच मेंदूबद्दल लिहायचं आहे.

बाबा परवा सकाळचे फिरायला गेले ते परतलेच नाहीत. दुपारी पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. शहराबाहेर, पेट्रोलपंपाच्याही पुढे, ट्रकच्या रस्त्याच्या कडेने झपाझपा चालले होते म्हणे. गाडीवाला त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने 'मास्तर, बसा' म्हटलं तर म्हणाले, 'नको, शाळेची घंटा होईल, मी पायीच लवकर पोचेन.' काका, त्यांना निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली. मी विचारलं तेव्हा हसले आणि म्हणाले, 'जरा लांबचा फेरा मारला.' बुटांवर बोटभर धूळ होती.

त्यांची शिस्त तुम्हांला माहीत आहे. पहाटे उठणं, गार पाण्याची अंघोळ, साखर बंद, मूठभर अक्रोड, ताटात अर्धी पालेभाजी, नऊला दिवा बंद. साठीनंतर माउथ ऑर्गन शिकले, का तर नवं काही शिकलं की डोकं गंजत नाही. आई गेल्यावर एकटं पडायचं नाही म्हणून बुद्धिबळाच्या क्लबात जायला लागले. व्यायामशिक्षक म्हणून निम्म्या शहराला हेच शिकवलं. आता या माणसाला विसर पडायला लागला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मी दिवसभर इस्पितळात एक्स-रे काढत असते, घरात ते एकटेच. त्यांना बाहेर जाऊ द्यायचं की नाही, एवढंच मला सांगा. मला काहीच सुचत नाही.

तुमची
बबडी


११ मार्च

चि. बबडीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसलो. दादा वाट चुकला? अगं, आमच्या शाळेच्या सहलीत सर वाट चुकले होते, तेव्हा सगळ्या वर्गाला यानेच परत आणलं होतं. सरांसकट.

विसरायचंच झालं तर आमच्या घराण्यात पहिला नंबर माझा. मी त्याची जय्यत तयारी करून ठेवली आहे. जन्मभर शिलाई मशीनपुढे बूड टेकून बसलो. चहात तीन चमचे साखर, दुपारी ताणून देतो, आणि व्यायाम म्हणशील तर गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती टेप फिरवणं. 'कानाला यंत्र लाव, ऐकू आलं नाही की डोकंही मंदावतं' म्हणून दादा किती वर्षं माझ्यामागे लागलाय. यंत्र घेतलं आणि कपाटात ठेवलं. आणि तरीही मला एकूण एक गिऱ्हाइकाचं माप तोंडपाठ आहे. मग त्या अक्रोड खाणाऱ्याला काय धाड भरली आहे?

माझं ऐक. तो कंटाळलाय, दुसरं काही नाही. तुला आठवतं ना, त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध? पोट दुखलं, चाल. झोप येत नाही, चाल. गणितात नापास झालीस तेव्हा तुला रडू न देता तलावाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्यालाही तेच औषध दे, फक्त डोस वाढव. सकाळी जातो तसा संध्याकाळीही ने, तू बरोबर जा, तुझंही वजन उतरेल. त्याचं मागच्या महिन्यातलं पत्र माझ्यासमोर आहे, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझा
काका


२ एप्रिल

चि. लोळ्या,

अनेक आशीर्वाद. तुझं वजन किती झालं ते खरं खरं कळव. मागच्या वेळी 'जरासं वाढलं' असं लिहिलं होतंस. तू एवढी वर्षं टेप घेऊन बसला आहेस, 'जरासं' हे माप कुठल्या टेपवर असतं?

पुन्हा सांगतो. जेवण झालं की आडवा होऊ नकोस, अंगणात फेऱ्या मार. रात्री पोटभर खाऊ नकोस. माणसांत जात जा, पण गिऱ्हाइकं म्हणजे माणसं नव्हेत, ती फक्त कपड्यांबद्दल बोलतात. कानाला यंत्र लाव. एखादी गोष्ट अशी शिक की जी तुला मुळीच जमत नाही. मी माउथ ऑर्गन शिकलो, शेजारच्यांना त्रास झाला, पण माझं डोकं शाबूत आहे.

हल्ली बबडी दोन्ही वेळा माझ्याबरोबर येते. पोरगी लवकर दमते, तुझ्यावर गेली आहे. मी पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबतो.

आईच्या गुडघ्यांना आराम पडला का? तिला म्हणावं, बसून राहू नकोस. रविवारी मी येतो आणि तिला हात धरून चालवतो. तिला गोड देऊ नकोस. तू तिचं नाव पुढे करतोस आणि स्वतः खातोस, मला सगळं ठाऊक आहे. नाना दुकानातून आले की त्यांना सांग, मला शाळेत व्यायामशिक्षकाची जागा मिळाली. कात्री धरली नाही म्हणून ते नाराज होतील. तू माझी बाजू घे.

तुझा
दादा


९ एप्रिल

बबडे,

दादाचं पत्र आलं. दुकानात उभ्या उभ्या वाचत होतो. समोर गिऱ्हाईक कोट घालून मापाला उभं होतं. शेवटच्या ओळींपर्यंत आलो आणि हातातली टाचणी त्याच्या खांद्यात गेली.

आमची आई आणि नाना जाऊन किती वर्षं झाली ते तू मोज, माझ्याच्याने मोजवत नाही. तिच्या गुडघ्यांना आराम पडला का, असं दादाने विचारलंय. नानांपुढे बाजू घे म्हणतो. पोरी, मी ती घेतली होती गं. त्याबद्दल नानांचा मारही खाल्ला होता. अक्षर अजून तस्संच आहे, एक काना इकडचा तिकडे झालेला नाही. तुझ्या पत्राला हसलो त्याची लाज वाटते.

सोबत चार सदरे पाठवतो आहे. कॉलरच्या आतल्या बाजूला तुमचा पत्ता शिवला आहे, बाहेरून दिसणार नाही. त्याचं चालणं मात्र बंद करू नकोस. काहीही झालं तरी करू नकोस. चालणं थांबलं तर तो उरणार नाही.

काका


२० मे

प्रिय काका,

सदरे मिळाले. बाबांनी पहिल्याच दिवशी कॉलरमधला पत्ता ब्लेडने उसवून काढला. 'लोळ्याचं काम कच्चं झालं, आतून दोरे निघतात' म्हणाले. चारही सदऱ्यांचा उसवला आणि दोरे नीट गोळा करून केराच्या डब्यात टाकले.

मेंदूचं स्कॅन झालं. आमच्याच इस्पितळात. ते दुसऱ्या कुणाचं ऐकून स्वस्थ पडून राहीनात, म्हणून मशीनवर मीच बसले. पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा डॉक्टर यायचे होते. मी रोज अशी चित्रं बघते, काका. मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. काचेच्या अलीकडून मी आपली 'हलू नका बाबा, झालंच' म्हणत राहिले, आणि ते शहाण्यासारखे पडून राहिले.

मग डॉक्टरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत तपासलं आणि चक्क खूश झाले. हृदय चाळिशीतल्या माणसाचं, रक्तदाब उत्तम, साखर नाही, सांधे तेल घातल्यासारखे. 'शंभरी सहज गाठतील' म्हणाले. हसावं की रडावं मला कळेना. मी विचारलं, मग जन्मभर केलं ते सगळं पाण्यात गेलं का? म्हणाले, 'तसं नाही. अशा सवयींनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. कोणी सांगावं, हे दहा वर्षांपूर्वीच यायचं असेल आणि त्यांनी इतके दिवस थोपवून धरलं असेल.' भले गृहस्थ आहेत. पण मला घरी येऊन त्यांचं काय करायचं होतं?

आणि आपण काय केलं, काका? डोस वाढवला. दोन्ही वेळा चालवून चालवून मी त्यांना शर्यतीचा घोडा करून ठेवलं. आता ते मला आटपत नाहीत. पहिल्यांदा कोपऱ्यावर थांबायचे, आता थांबतीलच असं नाही. सोबतीला एक बाई ठेवली, तिने आठवडा व्हायच्या आत सायकल मागितली. मग एक माणूस ठेवला. तो सिगारेट ओढणारा निघाला. बाबांनी त्याला भर रस्त्यात छातीचे व्यायाम करायला लावले, तो पगार घ्यायलासुद्धा आला नाही.

म्हणून आता सांगते. गेल्या आठवड्यापासून मी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावते. परत येते तेव्हा ते बूट घालून दाराशी खुर्चीवर बसलेले असतात. 'आज सुट्टी आहे का?' विचारतात. मी 'हो' म्हणते. मला सहा महिने दुसऱ्या शहरात नव्या मशीनचं काम शिकायला पाठवताहेत. मी नाही म्हणून सांगणार आहे.

बबडी


२७ मे

बबडे,

ते कुलूप आधी काढ. कुत्र्यालासुद्धा कुणी असं कोंडत नाही. ज्या माणसाने जन्मात कधी पाय मुडपून बसून राहायचं पाप केलं नाही, त्याला तू खुर्चीवर बसवून ठेवतेस? तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. पण हे वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि माझ्या बाबतीत ही किती गंभीर गोष्ट आहे ते तुला ठाऊक आहे.

मी येतो आहे. दुकान माझ्या कारागिराच्या हवाली केलं. तू त्या मशीनला नाही म्हणू नकोस. सहा महिने दादाचं मी बघतो. तू म्हणशील, तुम्ही? तुम्हांला तर जिना चढताना मध्ये दोनदा थांबावं लागतं. तेच तर सांगतोय. लहानपणी आम्ही कुठेही निघालो की तो पुढे आणि मी मागे. प्रत्येक कोपऱ्यावर वळून माझ्या नावाने शंख केल्याशिवाय त्याला पुढे जाताच यायचं नाही. तुझी ती बाई आणि तो माणूस त्याच्याबरोबर पळायला बघत होते. मी पळणार नाही. माझ्याइतकं हळू चालणारा माणूस तुला सगळ्या शहरात मिळायचा नाही.

काका


१८ ऑगस्ट

चि. बबडीस आशीर्वाद.

तुझं मशीन कसं आहे? इथलं सगळं ठीक, काळजी नको. आता खरी हकिकत ऐक.

तू होतीस तोवर त्याने मला ओळखल्यासारखं केलं, निदान आपल्याला तसं वाटलं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या सकाळी तो खोलीतून बाहेर आला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नजर पोटाशी येऊन थांबली. 'नवीन प्रवेश का?' म्हणाला. मी म्हटलं, 'दादा, अरे मी लोळ्या.' तर म्हणतो, 'नाव नंतर लिहून घेऊ. आधी सरळ उभे राहा.'

उभा राहिलो. काय करणार?

तेव्हापासून मी मास्तरांचा विद्यार्थी आहे. सकाळ-संध्याकाळ फिरायला जातो. तो पुढे, मी मागे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा. 'अहो गृहस्थ, पोट आत! मान वर! हात हलवा, ते काय उसने आणलेत?' सगळा रस्ता ऐकतो. मीही ऐकतो, कारण कानाचं यंत्र आता लावावंच लागतं, हुकूम ऐकू आला नाही तर पहिल्यापासून चालावं लागतं. माझी साखर बंद झाली आहे. मुठीत अक्रोड मोजून देतो आणि गिळेपर्यंत समोर उभा राहतो. काल काय शिकवलं ते त्याला आठवत नसल्यामुळे रोज पहिला धडा, मी काही दुसऱ्या इयत्तेत जात नाही.

क्लबातही नेतो. उंट, घोडा, हत्ती अजून बिनचूक चालवतो, फक्त राजाला वाचवायचं असतं हे विसरतो. समोरचे भले लोक आहेत, ते खेळत राहतात.

म्हणजे बघ, मी म्हटलं होतं ते खरं झालं. तो थांबतो. कुलूप कपाटात ठेवून दिलंय.

तुझा
काका


२६ ऑगस्ट

प्रिय काका,

तुमचं पत्र मी इथल्या मैत्रिणींना वाचून दाखवलं. आम्ही इतक्या हसलो की वॉर्डनबाई बघायला आल्या. काका, तुम्ही जादू केलीत. मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच नीट झोपले.

मला तर वाटायला लागलंय की डॉक्टरांचाच अंदाज चुकला. घरात सोबतीला माणूस आलं, शिकवायला कुणी मिळालं, आणि बाबा सुधारताहेत. इथे आमच्या वर्गातही सांगितलं की बोलणं, माणसांत असणं, आपला कुणाला उपयोग आहे असं वाटणं, याने मेंदूला आधार मिळतो. हेच त्यांना कमी पडत होतं, आणि मी त्यांना खुर्चीवर बसवून ठेवलं. मी परत आले की आपण तिघे असेच राहू. तुम्ही दुकानाचं विसरून जा.

एक विचारायचं आहे. ते माझी आठवण काढतात का? बबडी कुठे गेली असं कधी म्हणतात का? खरं सांगा.

तुमची
बबडी


१५ ऑक्टोबर

चि. बबडीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. माझ्या साऱ्या विजारी ढिल्या झाल्यामुळे त्या कमरेत दाबून घेत बसलो होतो. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. साखर उतरली, रक्तदाब उतरला. 'या वयात एवढा फरक मी पाहिला नव्हता, तुम्हांला कोण सांभाळतं?' म्हणाल्या. मी दादाकडे बोट दाखवलं. तो भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता मन लावून बघत होता.

गेल्या आठवड्यात बागेतल्या बाकावर बसलो होतो. मी धापा टाकत होतो, तो जवळ येऊन बसला, आणि आपल्या रुमालाने माझं कपाळ पुसून म्हणाला, 'माझा एक भाऊ होता. तुमच्यासारखाच, जाडा. फार सांगितलं त्याला. ऐकलं नाही. गेला.'

मी विचारलं, 'कशाने गेला?'

'बसून बसून,' म्हणाला. आणि बबडे, दादा रडायला लागला. मी आईच्या वेळीही त्याला रडताना पाहिलं नव्हतं. 'मी त्याला फार टाकून बोलायचो. चारचौघांत बोलायचो. त्याचं मन दुखावलं असेल.'

आपणच मेलो म्हणून आपल्या भावाचं सांत्वन कसं करायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, 'नाही हो मास्तर. त्याला वाईट वाटत नव्हतं. तुम्ही कोपऱ्यावर थांबायचात, तेवढं त्याला पुरत होतं.'

'तुम्ही ओळखत होता त्याला?'

'थोडासा,' म्हटलं. मग त्याने डोळे पुसले आणि मला उठवलं.

तो आठवण काढतो का, असं तू विचारलं होतंस. काढतो, असं लिहायला मी दोनदा कागद घेतला. तुला बरं वाटलं असतं. पण तू खरं सांगा म्हटलंस. तुझा फोटो मी रोज दाखवतो. तो कौतुकाने बघतो आणि 'ठणठणीत तब्येत आहे मुलीची' म्हणतो. एवढंच.

बाकी ठीक. हल्ली एक-दोनदा परतायला जरा उशीर झाला, पण तसं काही नाही.

काका


२ नोव्हेंबर

काका,

शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंचा आत्ता फोन आला होता. त्यांनी तुम्हांला मंगळवारी बँकेसमोरच्या पायरीवर बसलेलं पाहिलं. तुमची विजार गुडघ्यावर फाटली होती, आणि बाबा तुमच्याबरोबर नव्हते. त्यांनी विचारलं तर तुम्ही 'पुढे गेलेत, येतील' म्हणालात. बाबा संध्याकाळी पोलिसांच्या गाडीतून घरी आले, असंही त्या म्हणाल्या. तुम्ही मला काहीच कळवलं नाहीत. 'तसं काही नाही' म्हणजे कसं, काका? मला सगळं लिहा. सुट्टी मिळते का ते बघते आहे, पण परीक्षा तोंडावर आहे आणि इथून निघायचं तर दीड दिवस लागतो.

बबडी


९ नोव्हेंबर

बबडे,

तू परीक्षा दे. इथे येऊन तुला जे करावं लागलं असतं ते मी केलं आहे.

घात कुठे झाला ते सांगतो. मी बरा चालायला लागलो, तिथे झाला. पोट उतरलं, दम वाढला, आणि मी त्याच्या बरोबरीने येऊ लागलो. मला काय आनंद झाला होता! एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा मी दादाच्या शेजारून चालत होतो. पण मी मागे पडेनासा झालो तेव्हा त्याला कोपऱ्यावर थांबायचं कारणच उरलं नाही. ओरडायला कुणी नाही, वळून बघायला कुणी नाही. तो वेग वाढवत गेला आणि मीही जिवाच्या आकांताने वाढवत गेलो. त्या मंगळवारी बँकेसमोर माझ्या गुडघ्याने दगा दिला. मी पडलो, 'दादा' म्हणून हाक मारली, मग 'मास्तर' म्हणून मारली. त्याने वळून बघितलं नाही. ताठ मानेने, हात हलवत, शिकवल्याप्रमाणे चालत दिसेनासा झाला. मी पायरीवर बसून राहिलो. हळू चालायचं मुद्दाम सोंग करायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं.

तो ट्रकच्या रस्त्यावर सापडला, मधोमध. ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक मारला. त्या बिचाऱ्यालाच पाणी पाजावं लागलं. दादाला खरचटलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि पुन्हा तेच म्हणाले, उत्तम प्रकृती आहे, पुष्कळ वर्षं काढतील. मीही आता पुष्कळ वर्षं काढणार आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून कुलूप काढलं आणि दाराला आतून लावलं. किल्ली माझ्या खिशात आहे. तुला मी त्या कुलपावरून जे लिहिलं होतं ते सगळं मला आठवतं. तू एकटीने ते रोज कसं लावत होतीस गं? मला एकदाच लावताना चारदा खाली बसावं लागलं.

तो वेळेवर बूट घालून आला. कडी हलवली. खांदा लावून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'अहो, दार उघडत नाही.' रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत होता, मला काहीतरी माहीत असेल या भरवशावर. आणि माझ्या तोंडून एकदम त्याचाच हुकूम निघाला, 'जागच्या जागी, चाल!'

दादा ताठ झाला आणि बंद दारासमोर पाय उचलायला लागला. गुडघे कमरेपर्यंत वर, हात सरळ, नजर समोरच्या लाकडावर. मीही त्याच्या शेजारी उभा राहून चालू लागलो. माझा एक गुडघा वर येत नाही, तो तसाच ओढला. बराच वेळ आम्ही दोघे म्हातारे त्या दारासमोर चालत होतो. त्याला घाम आला, चेहरा खुलला. 'आज रस्ता छान मोकळा आहे,' म्हणाला. मी 'हो' म्हटलं.

आता रोज सकाळ-संध्याकाळ तसंच चालतो. काल चालता चालता त्याने विचारलं, 'घर अजून किती लांब आहे हो?'

मी म्हटलं, 'आलंच, मास्तर.'

'मग जरा पाय उचला की,' तो म्हणाला. उचलतो आहे.

तुझा
काका